नौपाड्यातील जुन्या रेकॉर्डचे दुकान: भाव, प्रत आणि सीडींचे कपाट

ठाण्यात गोखले मार्गाला मिळणाऱ्या एका गल्लीत, पुनर्विकासाची वाट पाहणाऱ्या एका तीनमजली इमारतीच्या तळमजल्यावर, जुन्या रेकॉर्ड आणि सीडी विकणारे एक दुकान आहे. दुकानाला पाटी नाही. नेहमीची गिऱ्हाइके ‘रेकॉर्डवाल्या काकांकडे’ एवढाच त्याचा उल्लेख करतात आणि नौपाड्यात विचारले तर कोणीही वाट दाखवते. गेली काही वर्षे मी येथून खरेदी करत आलो आहे. या काळात तबकड्यांचे आणि सीडींचे भाव कसे हलले, ते या दुकानातील कव्हरांवर पेन्सिलीने खोडून नव्याने लिहिलेल्या आकड्यांत मला दिसत राहिले. म्हणून हे परीक्षण दुकानाचे असले तरी त्यात भावांची चर्चा बरीच येईल. माझे मत प्रथमच सांगतो. मराठी आणि हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताच्या जुन्या एलपी, म्हणजे चाळीसेक मिनिटे वाजणाऱ्या मोठ्या तबकड्या, ऐकून, पारखून घेण्यासाठी ठाण्यात याहून भरवशाची जागा मला माहीत नाही. मात्र ज्याला मुख्यतः गाणे ऐकायचे आहे, त्याने आत शिरल्यावर एलपींच्या खोक्यांआधी डावीकडच्या सीडींच्या कपाटापाशी थांबावे.

अशा दुकानाची गरज का भासते, हे थोडक्यात सांगायला हवे. काळाघोड्याचे ऱ्हिदम हाऊस २०१६ साली बंद झाले, तेव्हा ठाण्याहून लोकलने जाऊन निवांतपणे रेकॉर्ड आणि सीडी चाळण्याची एक हक्काची जागा गेली. स्थानकाजवळच्या कॅसेटवाल्यांनी त्यापूर्वीच मोबाइलची कव्हरे विकायला घेतली होती आणि मॉलमधील संगीताचे कप्पेही नाहीसे झाले होते. आज महिन्याला शे-दीडशे रुपये भरले की लाखो गाणी हातातल्या फोनवर ऐकता येतात, ही सोय मोठीच आहे. पण तेथील संगीत आपल्या मालकीचे नसते. हक्कांचा करार संपला की एखादा पूर्ण संच एका रात्रीत दिसेनासा होतो, आणि मैफलीत तबल्यावर कोण होते, हार्मोनियमवर कोण होते, ही माहिती बहुधा तेथे नसतेच. एलपीच्या मागच्या मजकुरात किंवा सीडीच्या आतल्या पुस्तिकेत ती असते, आणि शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याला ती लागते.

दुकानाची मांडणी साधी आहे. उजव्या भिंतीला लाकडी खोक्यांत एलपी उभ्या ठेवलेल्या आहेत, पुढच्या फळीवर ईपी, म्हणजे मोजकी गाणी असलेल्या लहान तबकड्या आहेत, खाली ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, जुन्या जड रेकॉर्ड आहेत आणि डावीकडे काचेच्या कपाटात सीडी आहेत. प्रत्येक एलपीच्या कव्हरामागे किंमत आणि एक अक्षर लिहिलेले असते. ‘अ’ म्हणजे पूर्ण ऐकून पाहिलेली आणि स्वच्छ वाजणारी, ‘ब’ म्हणजे थोडी खरखर आहे पण सुई कोठे अडकत नाही, आणि ‘क’ म्हणजे कव्हरासाठी किंवा संग्रहातील जागा भरण्यासाठी घ्यावी अशी. मराठी भावगीतांच्या आणि नाट्यसंगीताच्या ‘अ’ प्रतीच्या एलपी सध्या ४०० ते ७०० रुपयांच्या दरम्यान मिळतात, हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताच्या ६०० ते १,२००च्या दरम्यान, आणि सत्तरच्या दशकातील हिंदी चित्रपटसंगीताच्या, विशेषतः राहुल देव बर्मन यांच्या, १,५००पासून पुढे थेट ५,००० रुपयांपर्यंत.

या तीन भावांमधील अंतर नीट पाहिले तर त्याचा गाण्याच्या दर्जाशी काही संबंध नाही, हे लक्षात येते. बर्मन यांच्या चित्रपटांच्या तबकड्या परदेशातील संग्राहक आणि डीजे शोधत असतात, त्यांचे भाव डिस्कॉग्जसारख्या, जगभरातील रेकॉर्डची खरेदी-विक्री होणाऱ्या संकेतस्थळावर सर्वांना दिसतात, आणि नौपाड्यातील किंमतही त्या जागतिक भावाला धरून चालते. मराठी तबकडीला महाराष्ट्राबाहेर गिऱ्हाईक नाही, म्हणून ती स्वस्त राहिली आहे. ठाण्याचे नगराध्यक्षपद भूषवलेले जनकवी पी. सावळाराम यांची गीते, वसंत प्रभू यांच्या चाली आणि लता मंगेशकर यांचा आवाज असलेली ईपी येथे दीडशे रुपयांत मिळते, आणि तिच्या शेजारी एका साधारण हिंदी चित्रपटाची ईपी तिप्पट किमतीची असते. मराठी श्रोत्याने या उपेक्षेचा लाभ आत्ताच घ्यावा, असे मला कळकळीने वाटते, कारण या प्रती पुन्हा निघण्याची शक्यता कमी आहे आणि दरवर्षी त्यांतील काही पावसाच्या पाण्यात, काही भंगारात जातात.

भंगाराचा उल्लेख मुद्दाम केला आहे. नौपाडा, घंटाळी, पाचपाखाडी या भागांतील जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. कुटुंबे दोन-तीन वर्षांसाठी भाड्याच्या लहान घरात हलतात आणि आजोबांच्या रेकॉर्डची पेटी तेव्हा अडगळ ठरते. काका रद्दीवाल्यांना फोन नंबर देऊन ठेवतात आणि स्वतः घरी जाऊन पेटी पाहतात. या दुकानात मराठी आणि शास्त्रीय संगीताच्या एलपी इतक्या प्रमाणात येतात, याचे मुख्य कारण हेच आहे. घरच्यांना ते नगास पैसे देतात, किलोवर घेत नाहीत, ही गोष्ट माझ्या पाहण्यात आहे आणि तिचा उल्लेख येथे व्हायलाच हवा. हा पुरवठा कायमचा नाही. जुन्या इमारती संपतील तशा पेट्याही संपतील, आणि मग आजचे ४०० रुपये फार थोडे वाटतील.

नव्या एलपीचा भाव इतका का आहे, हेही समजून घेतले पाहिजे, कारण येणारा प्रत्येक तरुण तोच प्रश्न विचारतो. एका महाविद्यालयीन मुलाने माझ्यासमोरच विचारले होते, “काका, हीच एलपी नवीन, सीलबंद, दोन हजारांना मिळते. मग ही जुनी सातशेला का?” काकांनी उत्तर देण्याऐवजी ती टर्नटेबलवर लावली आणि म्हणाले, “आधी ऐक बाळा, मग नवी घ्यायची असेल तर खुशाल घे.” मुलाने जुनी घेतली. मात्र नव्या तबकडीच्या किमतीमागची कारणे खरी आहेत. तबकडी काढण्यासाठी आधी लॅकरच्या, म्हणजे मऊ रोगणाचा थर दिलेल्या, चकतीवर आवाजाची खाच कापावी लागते, तिच्यावर धातूचा थर चढवून साचा घडवावा लागतो आणि मग त्या साच्यात एकेक प्रत दाबावी लागते. लॅकर कापण्याचा खर्च ५०० प्रतींसाठीही तेवढाच आणि ५,००० प्रतींसाठीही तेवढाच, त्यामुळे थोड्या प्रती काढल्या की प्रत्येक प्रत महाग पडते. जगात अशा लॅकरच्या चकत्या करणारे दोनच मोठे कारखाने होते, एक कॅलिफोर्नियात आणि एक जपानमध्ये. फेब्रुवारी २०२०मध्ये कॅलिफोर्नियातील कारखाना आगीत जळाला. मागणी मात्र वाढतच होती. अमेरिकेत २०२० साली एलपीच्या विक्रीचे उत्पन्न १९८६नंतर प्रथमच सीडीच्या पुढे गेले आणि २०२२ साली नगांच्या संख्येतही, सुमारे ४.१ कोटी एलपी विरुद्ध ३.३ कोटी सीडी, अशी एलपीने आघाडी घेतली.

आपल्याकडे या भाववाढीवर आणखी दोन ओझी चढतात. पहिले रुपयाचे. २०१४ साली साठीच्या आसपास असलेला डॉलर आता ऐंशीच्या बराच वर गेला आहे, म्हणजे परदेशात किंमत वाढली नसती तरी आपल्यासाठी ती तबकडी महागलीच असती. दुसरे ओझे वाहतूक आणि कराचे. १८० ग्रॅमची तबकडी, जाड पुठ्ठ्याचे कव्हर आणि बाहेरचे खोके यांचे वजन विमानाने आणायचे, त्यावर सीमाशुल्क आणि १८ टक्के जीएसटी भरायचा, असे करून आयात केलेली नवी एलपी आपल्या हाती येईतो अडीच ते चार हजारांची होते. भारतात जुन्या हिंदी चित्रपटसंगीताच्या नव्या आवृत्त्या दोन हजारांच्या आसपास मिळतात. २०२४ साली नवी मुंबईत रेकॉर्ड दाबण्याचा कारखाना सुरू झाला, ही मला अतिशय आनंदाची गोष्ट वाटते, कारण नव्वदच्या दशकात आपल्याकडे हे काम जवळजवळ थांबले होते. वाहतूक आणि आयातीचा खर्च वाचल्यावर किमती काही प्रमाणात खाली येतील, अशी आशा धरायला जागा आहे.

नव्या आवृत्त्यांबद्दल माझा आक्षेप किमतीपेक्षा वेगळा आहे. ही तबकडी मूळ टेपवरून कापली की संगणकातील फाइलवरून, हे बहुतेक कव्हरांवर लिहिलेले नसते. फाइलवरून कापलेली तबकडी वाईटच असते असे नाही, पण तीच फाइल सीडीवर दहाव्या भागाच्या किमतीत उपलब्ध असताना दोन हजार रुपये आपण नेमके कशासाठी देत आहोत, हे गिऱ्हाइकाला कळायला हवे. ज्या कव्हरावर मूळ ध्वनिमुद्रणाचा स्रोत स्पष्ट दिलेला नाही, ती नवी एलपी मी घेत नाही.

आता दुकानाच्या सर्वांत मोठ्या गुणाविषयी. येथे कोणतीही एलपी विकत घेण्यापूर्वी ऐकता येते, आणि ऐकवण्यासाठी ठेवलेले टर्नटेबल चांगल्या स्थितीत आहे. त्याची सुई वेळच्या वेळी बदललेली असते आणि तबकडीवर पडणारे तिचे वजन नीट लावलेले असते. याचे महत्त्व वरवर वाटते त्याहून अधिक आहे. आपल्याकडे अनेक घरांत रेकॉर्ड वाजत त्या जड सिरॅमिक कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) पोर्टेबल प्लेयरवर, आणि सुई झिजली तरी ती वर्षानुवर्षे बदलली जात नसे. अशा सुईने खाचेच्या भिंती खरवडल्या जातात. तबकडी दिव्याखाली धरली तर आरशासारखी चकचकीत दिसते, एकही चरा दिसत नाही, पण गायक तार सप्तकात गेला की आवाज फाटतो. हा दोष डोळ्यांना दिसत नाही, तो कानांनीच पकडावा लागतो. म्हणून ऐकताना पहिले गाणे ऐकून समाधान मानू नये. प्रत्येक बाजूचे शेवटचे गाणे लावायला सांगावे, कारण आतल्या बाजूस खाचेचा वेग कमी झालेला असतो आणि झीज तेथे सर्वांत आधी उघडी पडते. मी काकांना हे सांगतो तेव्हा ते कधीही कंटाळत नाहीत, आणि दोष निघाला तर तिथल्या तिथे ‘अ’ खोडून ‘ब’ लिहितात व किंमत उतरवतात. इंटरनेटवरून छायाचित्र पाहून जुनी एलपी मागवणाऱ्याला ही सोय मिळत नाही. एका ऑनलाइन विक्रेत्याने मला उत्तम प्रत म्हणून पाठवलेली एलपी पहिल्याच आलापात चिरकली होती आणि परत पाठवण्याचा खर्च तिच्या निम्म्या किमतीइतका होता.

तबकडी वाजवण्याचा खर्चही हिशेबात धरायला हवा. बरे म्हणावे असे नवे टर्नटेबल पंधरा ते वीस हजारांच्या आसपास येते, आणि त्याची सुई साधारण पाचशे ते हजार तासांनी बदलावी लागते. सुटकेससारखे दिसणारे स्वस्त प्लेयर घेऊ नयेत, असा सल्ला काका प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला देतात आणि मी त्याच्याशी पूर्ण सहमत आहे. त्यांतील जड कार्ट्रिज सातशे रुपयांच्या तबकडीचे तेच हाल करते जे पन्नास वर्षांपूर्वीच्या झिजलेल्या सुईने केले.

आणि म्हणूनच मी सीडींच्या कपाटाकडे परत येतो. १९८२ साली बाजारात आलेल्या या चकतीची किंमत करणे आपण फार लवकर सोडून दिले. हिंदुस्थानी संगीतासाठी तर सीडी हे एलपीपेक्षा अधिक योग्य माध्यम आहे, असे माझे ठाम मत आहे. ७८च्या रेकॉर्डवर गायकाला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मिळत. एलपीच्या एका बाजूस वीस-बावीस मिनिटे मिळू लागली, तरी विलंबित ख्याल त्यात आवरता घ्यावाच लागे. ७४ मिनिटांच्या सीडीवर आलापापासून द्रुत बंदिशीपर्यंत एक पूर्ण राग न तुटता मावतो, मध्ये उठून बाजू बदलावी लागत नाही. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊससारख्या प्रकाशकांनी, म्युझिक टुडेने आणि लंडनच्या नवरस रेकॉर्ड्सने या माध्यमाचा हा गुण ओळखून शास्त्रीय संगीतासाठी केलेले काम आज या कपाटात पाहायला मिळते.

काही वर्षांपूर्वी याच सीडी येथे एका टोपलीत ढीग करून पन्नास रुपयांना एक अशा विकल्या जात होत्या. आता शास्त्रीय संगीताच्या सीडीला २०० ते ४०० रुपये पडतात, दुर्मीळ मैफलींना त्याहून अधिक, आणि मराठी गीतांच्या सीडी ८० ते १५० रुपयांत मिळतात. भाव तळाला जाऊन परत चढू लागला आहे, पण तुलना करून पाहा. दोन हजार रुपयांच्या नव्या एलपीवर चाळीस मिनिटांचे संगीत असेल, तर मिनिटाला पन्नास रुपये पडतात. अडीचशे रुपयांच्या सीडीवर सत्तर मिनिटे असतील, तर साडेतीन रुपयांच्या आसपास पडतात. वाजवण्यासाठी घरातील पडून असलेला डीव्हीडी प्लेयर चालतो. एकदा नीट संगणकावर उतरवून घेतली की प्रवासात फोनवरही ऐकता येते आणि मूळ प्रत कपाटात सुरक्षित राहते.

सीडी घेताना काय पाहावे, हे काकांनीच मला शिकवले. खालच्या बाजूचे हलके चरे फारसे महत्त्वाचे नसतात, ते बहुधा वाजतात. वरच्या, छापील बाजूचा चरा मात्र घातक असतो, कारण ॲल्युमिनियमचा पातळ थर त्या छपाईच्या लगेच खाली असतो. चकती दिव्यासमोर धरून पाहावी; सुईने टोचल्यासारखे प्रकाशाचे ठिपके दिसले तर ती घेऊ नये. खालची बाजू निळसर किंवा हिरवट असेल तर ती बहुधा घरी उतरवलेली नक्कल असते, आणि अशा चकत्या ते विक्रीला ठेवतच नाहीत. एमपीथ्री सीडींसाठी वेगळे खोके आहे व त्यावर तसे स्पष्ट लिहिले आहे.

उणिवाही आहेत, आणि त्या काकांना मी तोंडावर सांगितल्या आहेत. खाडीकाठच्या या शहरात पावसाळ्याचे चार महिने हवा ओलसर असते आणि दुकानात तिच्यावर काहीही उपाय केलेला नाही. जुलै-ऑगस्टमध्ये घेतलेल्या कव्हरांना बुरशीचा वास येतो आणि आतली कागदी पाकिटे बदलावी लागतात. तबकडी धुऊन देण्याचे पन्नास रुपये वेगळे घेतले जातात. सहाशे रुपयांच्या वर खरेदी असेल तर ते घेऊ नयेत, असे मला वाटते. ७८च्या रेकॉर्ड ऐकवण्यासाठी लागणारी जाड सुई दुकानात नाही, त्यामुळे त्या न ऐकताच घ्याव्या लागतात आणि परतही घेतल्या जात नाहीत. या रेकॉर्ड लाखेच्या असतात व पडल्या की फुटतात. त्या घरी पुसताना स्पिरिट किंवा अल्कोहोल मुळीच वापरू नये, लाख त्यात विरघळते. शास्त्रीय सीडींचे कपाट गायकांच्या नावांनुसार लावलेले नाही, म्हणून हवी ती सीडी शोधण्यात बराच वेळ जातो. बिल मागितले तर मिळते, पण त्यावर प्रतीचे अक्षर लिहिलेले नसते. पुढे कधी वाद झाला तर गिऱ्हाइकाच्या हाती काही राहणार नाही, म्हणून ते आग्रहाने लिहून घ्यावे.

हव्या असलेल्या नावांची यादी काकांकडे देऊन ठेवता येते, आणि ही सोय अवश्य वापरावी. ठाण्याचेच असलेल्या पंडित राम मराठे यांचा आवाज असलेली तबकडी दुकानात आली तर ती खोक्यापर्यंत पोहोचतच नाही, यादीतील पहिल्या माणसाला फोन जातो. अशा वेळी काका किंमत वाढवत नाहीत, नेहमीच्या शास्त्रीय एलपीचाच भाव घेतात. दुकान संध्याकाळी पाच ते नऊ उघडे असते, सोमवारी बंद. पैसे रोख किंवा यूपीआयने द्यावे लागतात, कार्ड चालत नाही. आत एका वेळी तीन माणसेच उभी राहू शकतात, त्यामुळे ज्याला चार एलपी नीट ऐकून घ्यायच्या आहेत, त्याने शनिवार-रविवार टाळून आठवड्याच्या मधल्या दिवशी पाच वाजताच यावे. इमारत पुनर्विकासाला गेल्यावर दुकान जवळच दुसरीकडे हलवण्याचा काकांचा विचार आहे. नवी जागा अद्याप ठरलेली नाही, म्हणून यादी देताना आपला फोन नंबरही त्यांच्या वहीत लिहून ठेवावा.